ओंकारचा खो-खो बंद करू नका, बाबा

नायमेखेन, नेदरलँड्स
७ डिसेंबर

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी आई म्हणाली, दहावी तोंडावर आली म्हणून ओंकारचं मैदान बंद केलं. फोनवर मी गप्प बसले, बोलले असते तर रडूच आलं असतं. म्हणून हे पत्र.

माझ्या बारावीत पोहणं असंच बंद झालं होतं. तुम्ही माझ्या भल्यासाठीच केलंत, त्याबद्दल मनात काही नाही. पण नौपाड्याच्या त्या खिडकीतल्या टेबलाशी बसून मी काय करायचे, ते कधी सांगितलं नाही. सेंद्रिय रसायनाचं एकच पान चार-चार वेळा वाचायचे आणि पान उलटलं की डोकं कोरं. वाटायचं, मीच मंद आहे. ओंकारला तसं वाटू नये.

इथे आमच्याच गावातल्या राडबाउड विद्यापीठात झालेला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. ७२ जणांना ४० मिनिटं चित्रं आणि त्यांच्या जागा पाठ करायला दिल्या. मग काहींनी लगेच व्यायाम केला, काहींनी चार तासांनी, काहींनी केलाच नाही. व्यायाम म्हणजे ३५ मिनिटं जागेवरची सायकल, कधी जोरात, कधी हळू. दोन दिवसांनी विचारलं, तर चार तासांनी व्यायाम केलेल्यांना सगळ्यांत जास्त आठवत होतं. लगेच केलेल्यांना फायदा झाला नाही. ही सगळी मोठी माणसं होती आणि चित्रांच्या जागा म्हणजे भूमितीचं प्रमेय नव्हे, हे मलाही कळतं. तरी यातलं कारण मला पटतं. वाचलेलं डोक्यात मुरायला काही तास लागतात. व्यायामाने मेंदूत डोपामाइन, नॉरअ‍ॅड्रेनलिन ही रसायनं वाढतात आणि ती या मुरण्याला हातभार लावत असावीत, असं त्या संशोधकांना वाटतं.

आता ओंकारचा दिवस बघा. शाळेतून एकला घरी. जेवून दीड ते अडीच पाठांतर केलं, की साडेसहाचं मैदान बरोबर चार तासांवर येतं. क्लास आठला आहेच.

लक्ष लागण्याचं म्हणाल, तर अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात २००९ साली नऊ-दहा वर्षांच्या २० मुलांवर प्रयोग झाला. २० मिनिटं ट्रेडमिलवर चालल्यानंतर, आजूबाजूच्या खुणांकडे दुर्लक्ष करून मधली ओळखायच्या चाचणीत मुलांची उत्तरं जास्त अचूक आली. वाचून समजण्याच्या चाचणीतही ती सरस ठरली. बाबा, फक्त २० मिनिटं चालून! जागतिक आरोग्य संघटना तर ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं चांगली दमवणारी हालचाल हवी म्हणते. खो-खो त्याहून कमी दमवत नाही. आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसलेले, आणि पाठीवर थाप पडून ‘खो’ मिळाला की त्याच क्षणी उठून धावायचं. ज्याचं लक्ष भरकटलं, तो तिथेच सापडतो. हे शिकवायला दुसरा कुठला क्लास आहे?

रात्री जागून अभ्यास करायला लावू नका, एवढंच आणखी. खेळून आलेलं पोर गाढ झोपतं, त्या झोपेतही पाठांतर पक्कं होतं.

आणि बाबा, हे तुमच्यासाठी. २०११ साली १२० ज्येष्ठांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीन दिवस, ४० मिनिटांपर्यंत, वर्षभर चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवण्याशी जोडलेला भाग, साधारण २ टक्क्यांनी वाढला. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा मात्र घटला. तुम्ही कचराळी तलावाच्या फेऱ्या पावसाळ्यापासून सोडल्यात, आईने सांगितलं. संध्याकाळी ओंकारला मैदानावर सोडा आणि तसेच तलावाकडे वळा.

शनिवारी इथल्या दुपारी दोनला, म्हणजे तुमच्या साडेसहाला फोन करते. फोन आईनेच उचलावा आणि घरात ती एकटीच असावी, अशी फार इच्छा आहे.

तुमची,
मनू