लग्नाच्या अल्बममधले चेहरे न विचारता उजळ करून छापल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व अल्बम छपाई विभाग

विषय: ‘रंगदुरुस्ती करू नये’ अशी लेखी सूचना देऊनही अल्बममध्ये त्वचेचे रंग बदलल्याबद्दल.

महोदय / महोदया,

लग्नाचे आणि कौटुंबिक पोर्ट्रेटचे फोटो काढणं हा माझा १४ वर्षांचा व्यवसाय आहे. त्यातली गेली ६ वर्षं माझे सगळे अल्बम तुमच्याच लॅबमध्ये छापले जातात. एवढ्या काळात मी तुम्हाला लेखी तक्रार कधी केली नाही. या वेळीही आधी फोनवरच बोलले, तीन वेळा बोलले, आणि तिन्ही वेळा जे ऐकायला मिळालं त्यानंतर हे पत्र लिहिणं भाग पडलं.

ऑर्डर ३० शीटच्या मॅट अल्बमची होती. ऑर्डर भरताना ‘ऑटो करेक्शन’समोरची (म्हणजे सॉफ्टवेअरनं आपोआप करायच्या रंगदुरुस्तीसमोरची) खूण मी काढून टाकली होती आणि सूचनांच्या रकान्यात पुन्हा लिहिलं होतं की रंग, उजेड, कॉन्ट्रास्ट, कशालाही हात लावू नये. तुमच्याच पावतीवर ही ओळ छापून आली आहे. पावतीची प्रत सोबत जोडली आहे. अल्बम ९ दिवस उशिरा आला आणि १७ व्या शीटवर एका काकांचा अर्धा चेहरा मधल्या घडीत गेला. नुसत्या या दोन गोष्टी असत्या तर मी पत्र लिहिलं नसतं. उशीर होतो, आणि घडीची चूक कदाचित माझ्याच लेआउटमधली असेल.

एरवी अल्बम आधी माझ्याकडे येतो. मी तो उघडून, एकेक शीट बघून मगच पुढे देते. या वेळी उशीर झाल्यामुळे तो थेट नवरी मुलीच्या घरी पाठवायला सांगितलं. त्या संध्याकाळी तिनं मला एक फोटो पाठवला. तिच्या एकटीच्या मोठ्या पोर्ट्रेटमध्ये तिचा हात हनुवटीशी आहे. त्या छापलेल्या हाताशेजारी तिनं स्वतःचा खरा हात ठेवला होता आणि वरून मोबाइलनं फोटो काढला होता. तीच बोटं, तीच अंगठी, आणि दोन हात दोन वेगळ्या माणसांचे वाटावेत इतका रंगात फरक. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘ताई, हा हात कोणाचा आहे?’

हा प्रश्न मला इतका का लागला ते तुम्हाला सांगायला हवं. लग्नाआधी आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा, सगळ्यांना विचारते तसं, तिलाही विचारलं की फोटो कसे हवेत. बहुतेक जण मोबाइलमध्ये जमवलेले नमुने दाखवतात. तिनं स्वतःचेच जुने फोटो दाखवले. शाळेच्या ग्रुप फोटोत तिचे फक्त डोळे आणि दात दिसत होते. ओळखपत्रावर ती राखाडी होती. भावाच्या लग्नाच्या अल्बममध्ये खडूसारखी पांढरी. ती म्हणाली, ‘मला गोरी करू नका, एवढंच. मी आहे तशी दिसले पाहिजे.’ मी तिला शब्द दिला. तो शब्द माझ्या हातून तुमच्या यंत्रानं मोडला.

तो पाळण्यासाठी काय काय केलं होतं तेही लिहिते, म्हणजे ‘फाइलमध्येच गडबड असेल’ हे उत्तर पुन्हा येणार नाही. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर समोरचं सगळं काही मध्यम करड्या रंगाच्या, साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणाऱ्या करड्याच्या, आसपास आणू बघतो. समोर पांढरे कपडे जास्त असले की तो चित्र काळवंडतो आणि सावळ्या चेहऱ्यातले तपशील बुडतात. सावळा चेहरा मोठा आणि जवळ असला की उलट होतं, तो चेहरा फिका पडेपर्यंत उजेड वाढवतो. म्हणून अशा वेळी मी मीटरवर विसंबत नाही. प्रकाश मोजायचा तो चेहऱ्यावर पडणारा मोजते आणि एक्सपोझर, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते, हातानं लावते. प्रत्येक नव्या जागी पहिली फ्रेम करड्या कार्डाची असते, त्यावरून नंतर रंग जुळवता येतात. मुलगी तयार होत होती त्या खोलीत वर पिवळे दिवे होते आणि खिडकीतून निळसर उजेड येत होता. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की गाल एका रंगाचा आणि कपाळ दुसऱ्या रंगाचं येतं, ते नंतर कितीही बसून नीट होत नाही. मी दिवे बंद करायला लावले आणि तिला खिडकीच्या बाजूला बसवलं.

खिडकीच मुद्दाम निवडली होती. सावळ्या आणि काळ्या त्वचेचं रूप तिच्यावरच्या चमकेतून उभं राहतं. गालाच्या हाडावर, नाकाच्या दांड्यावर, खांद्यापाशी बाजूचा मऊ प्रकाश सरकत जातो आणि त्यातून चेहऱ्याला गोलाई येते. समोरून फ्लॅश मारला की ती चमक एका ठिपक्यात गोळा होते आणि बाकीचा चेहरा सपाट पडतो. त्या खोलीत योग्य जागा सापडायला मला २० मिनिटं लागली, आणि लग्नाच्या दिवशी २० मिनिटं मिळवणं म्हणजे काय हे या धंद्यातल्या कोणालाही विचारा. तुमच्या छपाईत गालाच्या हाडावरची ती रेषाच नाही. भोवतालचा गाल इतका उजळलाय की चमक त्यात विरून गेली. त्या जागी राखाडीकडे झुकलेला एक सपाट डाग उरलाय.

आता पुरावा. माझा मॉनिटर दर महिन्याला कॅलिब्रेट होतो, म्हणजे त्याचे रंग तपासून जुळवले जातात. फाइल्स तुमच्या नियमाप्रमाणे एसआरजीबी या रंगपद्धतीत, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) पाठवल्या होत्या. तुमच्याकडून मिळालेलं कागदाचं प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतील ते सांगणारी फाइल) लावून छपाई कशी दिसेल ते स्क्रीनवरही पाहिलं होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे महिनाभर आधी याच पोर्ट्रेटची एक चाचणी प्रिंट मी तुमच्याकडूनच, याच मॅट कागदावर मागवली होती. ती अचूक आली होती. ती प्रिंट आणि अल्बममधलं शीट मी दुपारच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. मागची भिंत दोन्हीकडे तीच आहे. लाकडी दाराचा रंग तोच, कपड्यांच्या चुण्या त्याच. बदललाय तो फक्त चेहरा, गळा आणि हात. कागदामुळे किंवा शाईमुळे फरक पडला असता तर भिंतही बदलली असती. याचा अर्थ कुठल्या तरी टप्प्यावर तुमचं सॉफ्टवेअर चेहरे शोधतं, त्वचा ओळखतं आणि तेवढीच उजळ करतं.

२२ व्या शीटवर तर ते लपतच नाही. घरातल्या २३ माणसांचा एकत्र फोटो आहे. जे मुळात गोरे होते त्यांना धक्का लागलेला नाही, आणि जे सावळे होते ते सगळे जवळपास एकाच रंगावर आणून ठेवलेत. काका, आत्या, दोन भाऊ, सगळ्यांना एकाच डब्यातली पावडर लावावी तसे. पहिल्या रांगेत मध्ये खुर्चीवर आजी बसल्या आहेत. त्यांचा चेहरा उजळला, पण मांडीवर ठेवलेले हात सॉफ्टवेअरला सापडले नसावेत, ते मूळ रंगाचेच राहिले. गळ्यापाशी दोन रंगांची सीमा स्पष्ट दिसते. कुटुंबाच्या फोटोत माणसं एकमेकांत आपली नाकं, कपाळं, रंग शोधतात. ही नात आजीच्या वळणावर गेली आहे, हे त्या फोटोत एका नजरेत दिसत होतं. तुम्ही दोघींचाही रंग काढून घेतलात.

फोनवर पहिल्यांदा मला मॉनिटर तपासायला सांगितलं. दुसऱ्यांदा, कागदावर रंग थोडा वेगळा येतोच, असं सांगितलं. तिसऱ्या वेळी मी चाचणी प्रिंटचा विषय काढला तेव्हा पलीकडची व्यक्ती सहज म्हणाली, ‘मॅडम, ग्राहकांना असंच आवडतं.’ आणि पुढच्या ऑर्डरवर सवलतीचं कूपन देऊ केलं. त्या व्यक्तीवर माझा राग नाही. तिला जे सांगायला शिकवलंय तेच तिनं सांगितलं असणार. पण हे वाक्य कंपनीचं धोरण असेल तर ते मला लेखी हवं आहे. कोणत्या ग्राहकांना आवडतं? या मुलीला तर कोणी विचारलंच नाही. मला विचारलंत, मी नाही म्हटलं, आणि तरीही केलंत.

आपल्या व्यवसायात ही चूक नवी नाही आणि ती नुसती तांत्रिकही नाही. १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनी लॅबना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या स्त्रीच्या फोटोचं कार्ड पाठवत असे. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्या कार्डातली त्वचा नीट छापली गेली की मशीन बरोबर लागलं, असं समजायचं. जगभरातल्या काळ्यासावळ्या माणसांचे चेहरे त्या एका कातडीच्या मापानं छापले गेले आणि त्यांतले तपशील हरवत राहिले. पुढे लाकडी फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्यांनी आपल्या मालाच्या तपकिरी छटा फोटोत वेगळ्या दिसत नाहीत अशी तक्रार केली, आणि फिल्ममध्ये सुधारणा व्हायला त्या तक्रारींचा हातभार लागला. वेगवेगळ्या वर्णाच्या स्त्रियांना एकत्र दाखवणारं कार्ड १९९० च्या दशकात आलं. आज आपल्या कामात ना फिल्म उरली ना ते कार्ड. सावळ्या चेहऱ्याचे सगळे तपशील फाइलमध्ये शाबूत असतात. ते शाबूत असताना मुद्दाम पुसणं याला मी तांत्रिक मर्यादा म्हणू शकत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती लिहिताना मला लाज वाटते. या प्रकारानंतर मी गेल्या वर्षभरातल्या, माझ्याकडे नमुना म्हणून ठेवलेल्या प्रिंट काढून मूळ फाइलशी ताडून पाहिल्या. दोन कौटुंबिक पोर्ट्रेटमध्ये हेच झालेलं आहे. फरक थोडा आहे, एकटी प्रिंट पाहिली तर कळणार नाही इतका, पण आहे. एकात वडील आणि त्यांची लहान मुलगी आहेत. दोघंही मुळात आहेत त्याहून उजळ छापले गेलेत. त्या प्रिंट मी स्वतःच्या हातांनी त्या कुटुंबांना दिल्या. त्यांनी भिंतीवर लावल्या असतील. माझ्या नजरेतून हे सुटलं, आणि ते मी त्या दोन्ही घरांना जाऊन सांगणार आहे. पण मी खूण काढलेली असतानाही तुमच्याकडे ही दुरुस्ती चालूच राहते का, आणि केव्हापासून, हे मला समजलं पाहिजे.

म्हणून माझी मागणी अशी. हा संपूर्ण अल्बम मूळ फाइल्सवरून, कोणतीही दुरुस्ती न करता, तुमच्या खर्चानं पुन्हा छापून द्यावा. वर लिहिलेल्या दोन पोर्ट्रेटच्या प्रिंटही तशाच द्याव्यात. कूपन मला नको. कामाच्या कोणत्या टप्प्यावर आणि कोणाच्या सांगण्यावरून हा बदल झाला याचा लेखी खुलासा १५ दिवसांत मिळावा. हा खुलासा खरा असावा. पुन्हा मॉनिटर तपासायला सांगणारं पत्र आलं तर ते मी उत्तर धरणार नाही. ऑर्डरच्या फॉर्मवर ‘ऑटो करेक्शन’ची खूण आधीपासूनच केलेली असते, ती तुम्ही काढून टाकावी. ज्याला चेहरा उजळ करून हवा असेल तो स्वतः खूण करील. आणि त्या मुलीला कंपनीनं पत्र लिहावं. ते माझ्या नावानं नको, माझ्यामार्फतही नको. थेट तिला लिहावं, आणि काय चुकलं ते त्यात सरळ शब्दांत असावं. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ एवढ्यावर भागणार नाही, कारण ही गैरसोय नव्हे.

तुमच्या बाइंडिंगसारखं बाइंडिंग मला दुसरीकडे मिळालेलं नाही. शीट सपाट उघडतात, कडा सुटत नाहीत, ६ वर्षांपूर्वीचे अल्बम अजून घट्ट आहेत. तुमच्याकडे मन लावून काम करणारी माणसं आहेत हे मला त्या कामातून कळतं, आणि म्हणूनच दुसरी लॅब शोधण्याआधी हे एवढं सविस्तर लिहिलं आहे. तुमचं उत्तर येईपर्यंत माझ्याकडच्या पुढच्या चार लग्नांच्या ऑर्डर मी थांबवून ठेवल्या आहेत.

चाचणी प्रिंट आणि अल्बमची दोन शीट शेजारी ठेवून काढलेले फोटो या पत्रासोबत आहेत. मुलीनं पाठवलेला हाताचा फोटोही तिची परवानगी घेऊन जोडला आहे. नवा अल्बम या वेळी माझ्या पत्त्यावर पाठवावा. तो मी दिवसाच्या उजेडात उघडीन, चाचणी प्रिंटशी लावून पाहीन आणि बरोबर असेल तर स्वतः तिच्या घरी नेऊन देईन.

आपली,
एक ग्राहक, लग्न व कौटुंबिक पोर्ट्रेट फोटोग्राफर