डोरोथी सेयर्स एका ओळीत कशा आटोपतील?

‘रविवार पुरवणी’तील इंग्रजी रहस्यकथांवरचा लेख आवडला. पण त्यात अगाथा ख्रिस्तींना दोन रकाने आणि डोरोथी सेयर्स यांना ‘त्यांच्या समकालीन’ एवढीच ओळख, हे खटकले.

सेयर्स यांनी ऑक्सफर्डचा अभ्यासक्रम १९१५ मध्येच पहिल्या वर्गात पूर्ण केला होता, पण स्त्रियांना पदवीच देत नसल्याने ती हातात पडायला १९२० साल उजाडले. पोटासाठी त्या लंडनच्या एका जाहिरात कंपनीत लागल्या. गिनेस बिअरच्या टूकन पक्ष्याच्या जाहिरातीतील ओळी त्यांच्याच. नोकरी करताकरता १९२३ मध्ये लॉर्ड पीटर विम्झी हा हौशी गुप्तहेर जन्माला आला, आणि दहा वर्षांनी ‘मर्डर मस्ट ॲडव्हर्टाइज’मध्ये त्यांनी जाहिरात कंपनीच्याच लोखंडी जिन्यावरून एकाचा मुडदा पाडला! कचेरीतल्या कुरबुरी, जाहिरातींचा मजकूर लिहिणाऱ्यांची टवाळी यांचे इतके जिवंत चित्रण मी दुसऱ्या रहस्यकथेत वाचलेले नाही. खुनी कोण, हे त्यात मला दुय्यम वाटते.

विम्झी ऐन भरात असताना त्या नाटकांकडे वळल्या. येशूच्या जीवनावरील त्यांची बारा नभोनाट्ये बीबीसीने १९४१-४२ मध्ये प्रसारित केली. येशूचे संवाद नटाने म्हणायचे आणि शिष्यांनी रोजच्या बोलीत बोलायचे, यावरून प्रसारणाआधीच गदारोळ झाला. ही नाटके मला थोडी लांबलेली वाटतात, पण त्या वेळी ते धाडसच होते.

मध्ययुगीन इटालियन कवी दान्ते त्यांना (वाचनातून) भेटला पन्नाशीत, १९४४ च्या बॉम्बवर्षावात. फ्रेंच, लॅटिन येत होते; इटालियन त्या दान्तेसाठी शिकल्या. त्याच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या तीन भागांच्या महाकाव्यातील पहिल्या, ‘इन्फर्नो’ (नरक) या भागाचा मूळची यमकसाखळी राखून केलेला अनुवाद १९४९ मध्ये पेंग्विनने काढला. यमकापायी काही ओळी आखडल्या आहेत खऱ्या. टिपा मात्र अशा, की तेराव्या शतकातील फ्लॉरेन्सचे राजकारणही गोष्टीसारखे वाचत जावे. रहस्यकथेत धागेदोरे सोडवण्याची सवय इथे कामी आली असणार. १९५७ मध्ये त्या गेल्या तेव्हा तिसरा खंड अर्धवट होता. तो त्यांच्या स्नेही, इटालियनच्या अभ्यासक बार्बरा रेनॉल्ड्स यांनी पुरा केला व १९६२ मध्ये आला.

या अनुवादावर पुरवणीत स्वतंत्र लेख यावा, ही विनंती.

– एक वाचक, मिरज