आधी आतलं रबर, मग वरचं कातडं

पुणे, १० मे

प्रिय सुहास,

गाडीचे फोटो पाहिले. रंग फार सुरेख उतरलाय. अण्णांची प्रीमियर ११८ एनई पुन्हा चिपळूणच्या रस्त्यावर दिसणार याचा मला तुझ्याइतकाच आनंद आहे. गिअरच्या दांड्याला लाल कातड्याचं कव्हर शिवायचं ठरवलं आहेस आणि कुठला लाल ते विचारतोस. तुला आवडेल तो घे. पण कुंभार्ली घाट चढताना डाव्या पायाशी गरम झळ लागते आणि वहिनींना धुराचा वास येतो, हेही तू जाता जाता लिहिलंस. मला रंगाहून त्या वाक्याने जास्त विचारात पाडलं.

कातड्याच्या कव्हरखाली आणखी एक जाड रबर असतं. खरं काम ते करतं. टनेलला, म्हणजे दोन सीटांमधल्या पत्र्याच्या उंचवट्याला, भोक पाडून दांडा वर आणलेला असतो, आणि त्या भोकाखाली गिअरबॉक्स, रस्ता, तापलेला सायलेन्सरचा पाइप आणि तुमच्याकडची लाल धूळ. पावसात पाणीही. हे सगळं त्या रबराने अडवायचं. तुमच्या आधीच्या पद्मिनीला गिअर स्टिअरिंगपाशी होता, त्यामुळे घरात कुणाचं याकडे लक्ष गेलं नसेल. धुराचं मात्र हलक्यात घेऊ नकोस. वास आला तर निदान कळतं, पण त्यासोबत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. आत धूर येतोय म्हणजे पाइपात किंवा मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर पाइपात नेणाऱ्या भागाच्या) गॅस्केटला कुठेतरी गळती आहे. ती आधी बंद करून घे. नवं रबर बसवलं म्हणजे गळती थांबली असं नाही.

आता रबर कुठून आणायचं? बॉडी मुळात फियाट १२४ ची. स्पेनच्या सेआत कंपनीकडचं १२४ चं टूलिंग, म्हणजे साचे-यंत्रं, घेऊन प्रीमियरने ही गाडी उभी केली, आत निसानचं ११७१ सीसीचं ए१२ इंजिन आणि त्याच्याच जोडीचा गिअरबॉक्स बसवला आणि १९८५ मध्ये बाजारात आणली. म्हणजे भोक इटालियन आणि दांडा जपानी. म्हणून परदेशातून १२४ चं म्हणून मिळणारं रबर डोळे झाकून मागवू नकोस. भोकाला बसेल, पण दांड्याला सैल पडू शकतं. जुनं रबर कितीही फाटलेलं असो, कापून काढू नकोस, फेकू नकोस. स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, मानेचा आतला व्यास, उंची, सगळं त्यावरूनच मोजता येईल. ते घेऊन इकडे ये, नाना पेठेत दोघं फिरू. तयार मिळालं नाही तर रबर मोल्डिंगवाल्याकडून करून घेऊ.

करून घ्यायची वेळ आलीच तर माल कुठला हे ठरवून सांगावं लागतं. साधं रबर उष्णतेने आणि हवेतल्या ओझोनने तडकतं, तुझं तसंच झालं असणार. ईपीडीएम जातीचं रबर उष्णता आणि ओझोन दोन्ही उत्तम सोसतं, पण तेल लागलं की फुगतं. नायट्राइल रबराला तेल चालतं, ओझोन चालत नाही. आपल्या जागी वरून ऊन, खालून गिअर ऑइलचा ओलावा, म्हणून मी निओप्रीन रबर घेईन. दोन्ही बाजूंनी बऱ्यापैकी टिकतं.

काम तसं अवघड नाही. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले, गिअर न्यूट्रलला. नॉबखालचा चेकनट (नॉब घट्ट धरून ठेवणारा नट) पान्याने धरून नॉब फिरव. अडकला तर दांडा कापड गुंडाळून पकडीने धर, म्हणजे जोर खालच्या बुशवर, दांडा ज्यात बसतो त्या कडीवर, जाणार नाही. वरचं कव्हर आणि मॅटिंग उचललंस की रबरावरची पत्र्याची रिंग दिसेल. स्क्रू गंजलेले असतील, आदल्या रात्रीच डब्ल्यूडी फोर्टी मारून ठेव. आणि रिंग उचलायच्या आधी भोवतालची धूळ ब्रशने आणि व्हॅक्यूमने नीट काढ. एवढं करच. नाहीतर ती माती थेट खाली गिअरबॉक्सच्या तोंडाशी पडेल. रबर निघालं की भोकात स्वच्छ फडकं कोंब. उघडलंच आहे तर दांडा हलवून बुश किती ढिला झालाय तेही बघून घे. नंतर पुन्हा उघडायला नको.

नवं रबर थोडा वेळ कोमट पाण्यात ठेव, मऊ पडेल. दांड्याच्या आट्यांवर टेप गुंडाळ, नाहीतर मान तिथेच चिरते. वंगण म्हणून साबणाचं पाणी लाव, साधं ग्रीस नको. खाली सरकवताना पीळ पडू देऊ नकोस. स्क्रू आधी हातानेच लाव, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळ. जास्त आवळलंस तर रबर स्क्रूपाशी सुरकुततं आणि तिथूनच धूळ आत येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि कातड्यालाही हेच लागू. दांडा गिअरबॉक्समधून निघतो, गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर असतो आणि रिंग मात्र बॉडीला घट्ट. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन-गिअरबॉक्स किंचित वळतात, त्यांच्याबरोबर दांडाही. बॉडी जागच्या जागी. म्हणजे हे कव्हर दोन वेगवेगळ्या हलणाऱ्या गोष्टींना जोडतं, म्हणून त्यात ढील हवीच. कव्हर आखूड किंवा कडक झालं तर ते दांड्याला सतत मागे ओढतं, आणि चढावर गिअर निसटला की सगळे गिअरबॉक्सलाच दोष देतात. रिंग अर्धी आवळलेली असताना, इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, रिव्हर्स सगळे टाकून बघ. प्रत्येक वेळी हात सोड. दांडा तसूभरही परत येता कामा नये.

कुशनवाल्यालाही हेच सांग. तो न्यूट्रलमध्ये माप घेईल, कारण तसं कव्हर चापून-चोपून दिसतं. तू दांडा चारही टोकांना नेऊन माप घ्यायला लाव आणि वर थोडी चुणी राहू दे. कातडं पातळ, मिलिमीटरच्या आसपासचं. सोफ्याचं जाड रेग्झिन नको, ते दुमडत नाही. चार तुकडे उलट्या बाजूने शिवायचे, मान दांड्याला बांधायची आणि मग कव्हर खाली उलटवायचं, म्हणजे दोरा दिसत नाही. तो थोडी कुरकुर करेल, पण तू सोडू नकोस.

पावसाला अजून महिना आहे. पाइपाची गळती या आठवड्यात दाखवून घे, तोवर घाटात जाऊ नकोस आणि वहिनींना घेऊन निघालास तर काचा उघड्या ठेव. जुनं रबर निघालं की मापं फोनवर कळव, शनिवारी दुकानं उघडी असतात तेव्हा मी चौकशी करून ठेवतो. अण्णांना नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मकरंद