गाळत नाही गं, आंबवतेय

म्युनिक,
१५ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू “दारू गाळतेस की काय तिथे?” म्हणालीस आणि मागून बाबांचं हसू ऐकू आलं, म्हणून हे पत्र. गाळत नाही गं, बिअर आंबवतेय. आणि आंबवण्यातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून तू सत्त्व करतेस ना, तसंच इथे जवाचं करतात. त्याला माल्ट म्हणतात. ते मी तयार आणलं, भरडून घेतलं आणि ६५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवलं. त्यातल्या पिठाची साखर होते, पाणी चक्क गोड लागतं. मग ते गाळून (एवढंच काय ते गाळलं) हॉप्सची कडू फुलं घालून उकळलं, गार केलं आणि २० लिटरच्या बादलीत यीस्ट घालून झाकण लावलं.

हे यीस्ट थंडीतलं. साधं यीस्ट २० अंशांवर खुशीत असतं, हे १० अंशांवर काम करतं, म्हणून बादली इमारतीच्या तळघरात. दीड दिवस झाकणावरच्या नळीतून एक बुडबुडा नाही. मी दर दोन तासांनी जिना उतरून बघत होते. शेवटी खालच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, “झाकण उघडू नकोस, त्याला झोपेतून उठू दे.” तिसऱ्या दिवशी सुरू झालं, आणि पाचव्या दिवशी तळघरभर काळ्या मिठाचा वास! थेट पाणीपुरीच्या पाण्याचा. शेजारणीने नाक मुरडलं. आजोबांनीच तिला समजावलं की असल्या यीस्टला गंधकाचा वास येतोच, नंतर जातो.

बाबांना सांग, डेअरीतल्या लॅक्टोमीटरचा भाऊच माझ्याकडे आहे. तरंगती काचेची नळी, साखर किती उरली ते सांगते. सुरुवातीला १.०४८ होतं, दोन आठवड्यांनी १.०१६. चमचाभर चाखली तर जिभेवर लोण्याची चव. बिअरमध्ये लोणी म्हणजे दोष. ते यीस्टनेच केलेलं असतं आणि यीस्टच खाऊन टाकतं, फक्त त्यासाठी त्याला जरा ऊब लागते. तशीच थेट गारठ्यात ठेवली तर यीस्ट झोपी जातं आणि लोणी राहतं तिथंच. म्हणून ती भरलेली बादली पोटाशी धरून चार मजले वर आणली, लिफ्ट नाही. तीन दिवस हीटरपासून थोडी दूर, १६ अंशांवर ठेवली. चौथ्या दिवशी लोणी गायब, आकडा १.०११. कंबर मात्र अजून धरलेली आहे.

मग नळीने दुसऱ्या भांड्यात काढून जुन्या फ्रिजमध्ये २ अंशांवर ठेवली. पाच आठवडे हात लावायचा नाही. यालाच लागर म्हणतात, जर्मनमध्ये त्याचा अर्थ नुसता ‘साठवण’. पूर्वी इथे फ्रिज कुठले? उन्हाळ्यात बिअर नासायची म्हणून १५५३ मध्ये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायलाच बंदी घातली होती. वसंतापर्यंत केलेली तळघरात बर्फ टाकून पुरवायचे आणि वर सावलीला चेस्टनटची झाडं लावायचे. त्याच झाडांखाली आज बिअर गार्डन्स आहेत. मागच्या जूनमध्ये तुम्हाला पाठवलेला फोटो तिथलाच, बाबांनी ‘हे मंगल कार्यालय का?’ विचारलं होतं तो.

फ्रिज उघडला की आधी तळ बघते. कुरडयांचा चीक रात्रभर बसतो आणि वर निवळ पाणी येतं, तसं यीस्ट खाली बसत चाललंय. परवापर्यंत गढूळ होती, आज भांड्यापलीकडची दुधाची पिशवी अंधूक दिसली. तू ते वरचं पाणी तळ न हलवता ओततेस, तो हात मला हवा आहे. माझ्या हातून पहिल्याच वेळी अर्धा गाळ वर आला.

महिनाअखेर पाच आठवडे भरले की थोडी साखर घालून बाटल्यांत भरेन, मग फेसासाठी दोन-तीन आठवडे. म्हणजे पाडव्याच्या आसपास तयार. घाबरू नकोस, पाडव्याला श्रीखंडच होईल, बाटली दुसऱ्या दिवशी. पहिली खालच्या आजोबांना.

या वर्षी कुरडयांचा गहू भिजत घालशील तेव्हा फोन कर. तिसऱ्या दिवशीचा वास नेमका कसा असतो, ते आठवून सांग.

तुझी,
मनू