आशाताई, त्या दिवशी गोळ्या तुम्हीच थांबवल्यात

ताई,

तुम्ही आमच्या गल्लीच्या आशा सेविका. तुमचं स्वतःचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे मला माहितीय, पण आमच्या गल्लीत वाचणाऱ्यांना कळेलच कुणाबद्दल लिहिलंय ते. परवा टीबीच्या गोळ्यांचा शेवटचा डोस घेतला. सहा महिन्यांचा कोर्स नऊ महिन्यांवर गेला, पण संपला. तुम्ही दारात उभ्या होता, मी पाणी प्यायले आणि तुम्ही नुसत्या हसलात, आणि मला जे बोलायचं होतं ते काहीच बोलता आलं नाही, म्हणून हे लिहितेय.

खोकला सुरू झाला तेव्हा सगळे म्हणायचे इचलकरंजीत राहायचं म्हणजे कापसाची धूळ छातीत जाणारच. दीड महिना मी एका दवाखान्यातून खोकल्याची बाटली आणून पीत होते, वजन उतरत उतरत ४४ वर आलं तरी कुणी थुंकी तपासायला सांगितली नाही. तुम्ही सर्व्हेला आलात, विचारलं किती दिवस खोकतेयस, आणि दुसऱ्या दिवशी थुंकीसाठी डबी हातात दिलीत. रिपोर्ट आल्यावर मी रडत बसले होते तर तुम्ही आधी माझ्या पोराचं वजन केलंत, तो चार वर्षांचा, त्याला टीबी नाही ना ते बघून घेतलंत आणि होऊ नये म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्या चालू करून दिल्यात. माझ्या डोक्यात तर तो विषयच आला नव्हता.

गोळ्यांचं तुम्ही जसं समजावलंत तसं कुणी समजावलं नव्हतं. वजनाप्रमाणे रोज ३ गोळ्या, एकेका गोळीत चार औषधं, तिन्ही एकदमच, सकाळी उपाशीपोटी, चहा-नाश्ता तासाभराने. लघवी लाल-केशरी होईल, घाम आणि डोळ्यातलं पाणीसुद्धा, घाबरायचं नाही, ते औषधाचा रंग आहे. हातापायाला मुंग्या आल्या तर सांग, त्याला बी-सिक्सची गोळी असते. पण डोळ्याला अंधुक दिसलं किंवा लाल-हिरवा रंग ओळखता येईना तर त्याच दिवशी यायचं. आणि मग दार लोटून हळू आवाजात विचारलंत, पाळणा लांबवायच्या गोळ्या घेतेस का गं, कारण या औषधाने त्यांचा असर कमी होतो, दुसरं साधन वापरायला लागेल. सासूबाई घरात असताना हे कुणी विचारलं असतं का मला सांगा.

जळजळ व्हायची म्हणून मी गोळ्यांबरोबरच ॲसिडिटीचं गुलाबी औषध प्यायचे. तुम्ही ती बाटली कट्ट्यावर बघितलीत आणि म्हणलात दोघांत दोन तास तरी अंतर ठेव, नाहीतर गोळी नीट अंगी लागत नाही. एवढी छोटी गोष्ट.

आता त्या सकाळबद्दल. पाचवा आठवडा होता. चार दिवस अन्नाचा वाससुद्धा नको वाटत होता, उलट्या होत होत्या, आणि अंग दुखतं म्हणून मी मेडिकलमधून आणलेल्या तापाच्या गोळ्यापण वरून घेत होते. मला वाटलं हे औषधाचंच, सहन करायचं, कारण तुम्हीच म्हणायचात एकही दिवस चुकवायचा नाही. लघवी तर आधीपासूनच लाल होती, त्यामुळे ती जास्त गडद झालीय हे माझ्या लक्षातच आलं नाही. तुम्ही आलात, मी गोळ्या हातावर काढल्या होत्या, ग्लास भरलेला होता, आणि तुम्ही माझी हनुवटी धरून तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलंत, बोटाने डोळ्याची खालची पापणी ओढली आणि म्हणलात "ठेव त्या गोळ्या. आज घ्यायच्या नाहीत. चप्पल घाल." रोज गोळी घे म्हणून मागे लागणारी बाई माझ्या हातातून गोळी काढून घेत होती, मला क्षणभर कळेचना काय चाललंय.

रक्त तपासलं तर लिव्हरचा एसजीपीटी चारशेच्या वर, नॉर्मल असतं चाळीसच्या आसपास. डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या बंद केल्या. शेजारच्या काकू काविळीचं झाडपाल्याचं औषध आणून देत होत्या, प्रेमानेच, तेही तुम्ही घेऊ दिलं नाहीत. रिपोर्ट खाली आल्यावर सुट्ट्या गोळ्या एकेक करून परत चालू झाल्या, प्रत्येक वेळी मध्ये रक्त तपासून. त्या चार औषधांतलं एक, पायराझिनामाईड, डॉक्टरांनी परत दिलंच नाही आणि म्हणून कोर्स लांबला. त्या काळात मी तुम्हाला म्हणलं होतं की आता बरं वाटतंय, वजन वाढलंय, राहू दे ना बाकीचं. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा चिडलात. म्हणलात, थांबवायचं ते डॉक्टरांनी, तपासून, आपल्या मनाने नाही, अर्धवट सोडलं की उरलेल्या जंतूंवर हीच औषधं चालेनाशी होतात आणि मग याहून भारी औषधं घ्यायला लागतात. आणि दुसऱ्या दिवशी परत तशाच शांतपणे दारात हजर.

टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकारकडून मिळणारे निक्षयचे महिन्याचे १००० रुपये आले की तुम्ही विचारायचात अंडी आणलीस का शेंगदाणे. आणली ताई, बहुतेक वेळा आणली. एका महिन्यात पोराच्या वह्या आणल्या होत्या, ते आज सांगतेय.

मला हे सगळं यासाठी लिहावंसं वाटलं की तुमच्या वहीत माझ्या नावापुढे फक्त कोर्स पूर्ण झाल्याची खूण असेल. हनुवटी धरून डोळे बघितले हे त्यात कुठंच येणार नाही. माझं वजन आता ५३ आहे. गोळ्या ठेवायचे तो पेढ्यांचा डबा धुऊन त्यात सुई-दोरा ठेवलाय.

सहा महिन्यांनी परत थुंकी तपासायला यायचंय म्हणलात. मी स्वतः येते, तुम्ही जिना चढू नका, तुमचा गुडघा दुखतोय ते मला दिसतं.

तुमची,
वरच्या मजल्यावरची