चौपाटीवर भरतीची वेळही लिहावी

महोदय,

मुंबईत येणारा पाहुणा गिरगाव किंवा जुहूच्या चौपाटीवर भेळ खाऊन परततो. १९२० साली लोकमान्य टिळकांवर अंत्यसंस्कार झाले ते गिरगावच्याच वाळूवर, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही. खरा समुद्रकाठ मात्र वरळी आणि वेसावे येथील कोळीवाड्यांत पाहावा. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात तिथे किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या आणि जाळी विणणारे हात दिसतात. (अरुंद गल्लीत न विचारता कॅमेरा उगारू नये, उन्हाळ्यात वाळत घातलेले बोंबील हे प्रदर्शन नव्हे, कोणाची तरी रोजीरोटी आहे.)

भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे कोळी बांधवांना तिथीवरूनच उमगते, परंतु पाहुण्याला त्याची कल्पना नसते आणि पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरती येत असतानाही तो खडकांवर उभा राहून छायाचित्रे काढतो. तेव्हा प्रत्येक चौपाटीच्या तोंडाशी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा ठळक मराठी अक्षरांत लिहिणारा फलक पालिकेने लावावा, ही विनंती.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई