देवळांना ऑइलपेंट नको, छतावर काँक्रीट नको

महोदय,

महाशिवरात्र जवळ आली की विदर्भात गावोगावच्या हेमाडपंती महादेव मंदिरांवर ऑइलपेंटचे डबे आणि सिमेंटच्या गोण्या पोचतात. वर्गणी श्रद्धेची असते, काम मात्र देवळाच्या मुळावर येते.

ही देवळे बहुधा चुन्याविना रचलेली आहेत. (यातली कित्येक यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्याही आधीची, नाव तेवढे त्याचे चिकटले.) एका दगडाची कूस (पुढे आलेला खुंटीसारखा भाग) दुसऱ्याच्या खोबणीत बसते आणि वरचे वजन सगळे जागेवर धरते. उन्हाळ्यात काळा दगड तापून फुगतो, रात्री आकसतो; कोरड्या सांध्यात त्याला हलायला वाव असतो. तिथे सिमेंट भरले की कडांच्या कपच्या उडतात.

सर्वांत घातक म्हणजे छतावरचे काँक्रीट. सभामंडपाचे छत चार तुळयांच्या चौकटीवर असते; कोपऱ्यांत तिरपे दगड टाकून चौकोन लहान करत नेतात आणि शेवटी कमळाच्या शिळेने झाकतात. अशा दहा बाय दहा फुटांच्या छतावर चार इंचांचा थर म्हणजे सव्वादोन टन जादा भार. दगड दाब सोसतो, ताण नाही. म्हणून तुळई मध्यावर, खालच्या बाजूने तडकते. गळती थांबवायची तर आधी गवत-माती काढून पाण्याचा उतार मोकळा करावा, मग सांधे चुना-सुरखीने (सुरखी म्हणजे विटांची भुकटी) भरावेत. चुना निदान महिनाभर भिजवलेला हवा.

रंगाचे तसेच. जमिनीतून चढणारी ओल आणि अभिषेकाचे पाणी दगडातून सुकून जाते. ऑइलपेंट ती वाट बंद करतो, आत क्षार साचतात आणि मूर्तीचे नाक, बोटे, पैंजण पापुद्र्यासह गळतात. गडचिरोलीतल्या मार्कंडा मंदिरासारख्या वालुकाश्मात हे लवकर होते, लोणारच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या दगडात, उशिरा. लागलेला रंग ग्राइंडरने किंवा ॲसिडने काढणे तर त्याहून वाईट, कोरीव कामाचा वरचा थरच जातो.

गाभाऱ्यातल्या टाइल्सचेही पाहा. फरशी दोन इंच वर आली की प्रणाळाचे (अभिषेकाचे पाणी बाहेर नेणाऱ्या वाटेचे) तोंड बुजते आणि पाणी देवळाच्या पायात मुरते.

पिंपळाचे रोप बोटभर असतानाच काढावे. मूळ आत गेल्यावर ओढले तर दगडही येतो. तेव्हा बुंधा कापून तज्ज्ञ बोलवावा. दगड उतरवावेच लागले तर आधी फोटो, नकाशा आणि प्रत्येकावर खडूने क्रमांक : पूर्व बाजू, थर ३, दगड ७. क्रमांकाविना उतरवलेले दगड पुढे देवळामागे ढिगाऱ्यात पडून राहतात.

संरक्षित मंदिरांत परवानगीविना असे काम करणे गुन्हा आहे. पण गावातली बहुतेक देवळे कोणत्याच यादीत नाहीत. तिथला निर्णय ग्रामपंचायत आणि देवस्थान समितीचाच असतो. केंद्र आणि राज्य, दोन्ही पुरातत्त्व खात्यांची कार्यालये नागपुरात आहेत. अंदाजपत्रक मंजूर करण्याआधी त्यांना एक पत्र पाठवावे, आणि तोवर रंगाचा डबा उघडू नये.

– मंदिर स्थापत्याचे काही अभ्यासक, जि. बुलढाणा